रत्नागिरीच्या कॉलेजात पुस्तकातलं प्रकरण स्कॅन करून मुलांना दिलं तर ब्रिटनसारखा कॉपीचा रिपोर्ट पाठवावा लागतो का?
नाही, क्लासमध्ये शिकवायलाच स्कॅन करत असाल तर आपल्याकडे असा रिपोर्ट लागत नाही, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये शिकवण्यासाठी कॉपी करायची सूट आहे आणि २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्सच्या केसमध्ये तेच धरलं. ब्रिटनमधली विद्यापीठं कॉपीराइट लायसन्सिंग एजन्सीचं लायसन्स घेतात, म्हणून त्यांना पुस्तक, पानं, कोर्स, किती विद्यार्थी हे सगळं कळवावं लागतं, त्यावरून लेखक-प्रकाशकांना पैसे वाटतात. फक्त दिल्लीची ती केस कागदी झेरॉक्सची होती, त्यामुळे स्कॅन त्या वर्गापुरताच ठेवा, चिपळूण-मालवणच्या सगळ्या ग्रुपवर फिरवू नका, आणि पीडीएफ लायब्ररीच्या डेटाबेसमधली असेल तर त्याच्या अटी आधी बघा.