बंद खोलीतली हवा आणि दिवाळीच्या भेटीगाठी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सप्टेंबर २०२०च्या मध्यावर देशात रोज ९७ हजारांच्या घरात गेलेली नव्या करोना रुग्णांची संख्या आता, नोव्हेंबर २०२०च्या पहिल्या आठवड्यात, साधारण निम्म्यावर आली आहे. उपाहारगृहे उघडली आहेत, एस.टी. गावोगाव धावू लागली आहे आणि दिवाळी तोंडावर आली आहे. या पंधरवड्यातील बहुतेक पत्रांत 'अमुक केले तर चालेल का?' असे विचारले आहे. एका शब्दात 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असे सांगणे सोपे असते, पण त्याने कोणाचेच भले होत नाही. म्हणून काही प्रश्न निवडून, त्या त्या प्रसंगात धोका नेमका कोठे आहे आणि तो कोणाच्या वाट्याला येणार आहे, हे उलगडून सांगते.

प्रश्न : आई साताऱ्यात भावाकडे असते. वय ७४, मधुमेह आहे. मार्चपासून तिला भेटलेले नाही. दिवाळीत मी, यजमान आणि दोन मुले चार दिवस जाण्याचा विचार आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी सर्वांची चाचणी करून घेतली, तर निर्धास्तपणे जाता येईल का? (एक भगिनी, पुणे)

चाचणी करून घेण्यास हरकत नाही, परंतु आदल्या दिवशीच्या निगेटिव्ह अहवालावर विसंबून राहू नका. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे पाच दिवस जातात, काहींच्या बाबतीत चौदा दिवसांपर्यंतही, आणि लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना विषाणू देऊ लागतो. नाका-घशातील स्रावात विषाणू शोधणाऱ्या आरटी-पीसीआर चाचणीच्या अनेक अभ्यासांतील आकडे एकत्र करून मे २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, लागण झाल्यावर चौथ्या दिवशी चाचणी केली, तर शंभर बाधितांपैकी सुमारे ६७ जणांचा अहवाल चुकून निगेटिव्ह येतो. लक्षणे सुरू होतात त्या दिवशी हे प्रमाण ३८ असते आणि आठव्या दिवशी, म्हणजे सर्वांत अनुकूल वेळीही, ते २०च्या खाली जात नाही. अर्ध्या तासात निकाल देणारी अँटिजेन चाचणी याहून कच्ची आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जूनमध्ये मान्यता देताना जी पडताळणी केली, तीत या चाचणीच्या संचाने ५०.६ ते ८४ टक्के बाधितच ओळखले होते. पॉझिटिव्ह आले तर घरी थांबायचे हे नक्की कळते; निगेटिव्ह आले तर फारसे काही कळत नाही.

अधिक भरवशाची गोष्ट तुमच्याच हातात आहे, आणि ती म्हणजे निघण्यापूर्वीचे दिवस. भाऊबीज १६ तारखेला आहे. आजपासून चौघांनीही लक्ष्मी रस्त्यावरची खरेदी, मुलांचे शेजाऱ्यांच्या घरात खेळणे आणि यजमानांचे कार्यालयात एकत्र डबा खाणे बंद ठेवले, तर हाती साधारण दहा दिवस येतात. एवढ्या दिवसांत लागण झालेल्या बहुतेकांना लक्षणे दिसू लागतात. घशात खवखव, अंग कसकसणे, वास न येणे यांपैकी एखादी तक्रार एकालाही असली, तर चौघांनीही जायचे नाही, हे आईला आधीच सांगून ठेवा; ऐनवेळी मन घट्ट करणे कठीण जाते.

भावाच्या घरातील माणसांनीही हेच पाळायला हवे, कारण आईला धोका फक्त पाहुण्यांकडून असतो असे नाही.

आता वयाचा विचार. अनेक देशांतील आकड्यांवरून काढलेल्या अंदाजानुसार पंचविशीतील बाधितांमध्ये मृत्यूचे प्रमाण दहा हजारांत एक इतके आहे. ६५व्या वर्षी ते शंभरात सुमारे दीड होते आणि पंचाहत्तरीत साडेचारच्या पुढे जाते. मधुमेहाने त्यात भर पडते. त्यामुळे तुम्ही चौघे जी जोखीम पत्करणार आहात, ती तुमच्या वयाने न मोजता आईच्या वयाने मोजली पाहिजे.

इतके सांगूनही 'जाऊ नका' असे मी म्हणणार नाही. आठ महिने लेकीचे तोंड न पाहिलेल्या वृद्ध आईचे झुरणे हीदेखील प्रकृतीची हानीच आहे, आणि ती कोणत्याही तक्त्यात नोंदली जात नाही. मात्र चार दिवसांऐवजी एक दिवस जा, स्वतःच्या वाहनाने जा आणि शक्यतो मुक्काम करू नका. साताऱ्याच्या थंडीत रात्री दारे-खिडक्या लागतात आणि एकाच खोलीत सहा-सात तास सर्वांचे श्वास मिसळत राहतात. दिवसा अंगणात किंवा गच्चीवर बसा. ओवाळतानाही मास्क असू द्या. फराळाची ताटे घेऊन आईपासून थोडे लांब, उघड्यावर बसा, कारण मास्क खाली येतो तो खातानाच.

प्रश्न : आम्ही भाजी साबणाच्या पाण्यात भिजवतो, दुधाच्या पिशव्या सॅनिटायझरने पुसतो, वर्तमानपत्राला इस्त्री करतो. यात रोज तास-दीड तास जातो. हे किती दिवस करावे? (एक ज्येष्ठ नागरिक, नाशिक)

आजच थांबवावे. प्लॅस्टिक आणि स्टीलवर हा विषाणू तीन दिवसांपर्यंत टिकतो, ही बातमी मार्चमध्ये सर्वत्र पसरली आणि लोकांच्या मनात ती भीती बसली. तो प्रयोग खरा आहे. मात्र त्याच प्रयोगात प्लॅस्टिकवरील जिवंत विषाणू दर सात तासांनी जवळपास निम्मा होत असल्याचेही दिसले होते, आणि प्रयोगशाळेत पृष्ठभागावर सोडलेले विषाणूचे प्रमाण दुधाच्या पिशवीवर येण्याची शक्यता अगदीच थोडी असते. अन्नातून हा आजार झाल्याचे दिसून आलेले नाही. सामान जागेवर ठेवले की साबणाने वीस सेकंद हात धुवा. भाजी नेहमीप्रमाणे वाहत्या पाण्याखाली धुवा. साबण आणि सॅनिटायझर भाजीला लावू नका, ते पोटात जाण्यासाठी नसतात. तो वाचलेला वेळ गॅलरीत ऊन खात बसण्यात घालवा.

या निमित्ताने दिवाळीपुरती एक सूचना. सॅनिटायझरमध्ये साठ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असते. पणत्या लावण्यापूर्वी किंवा फुलबाजी हाती घेण्यापूर्वी मुलांच्या हाताला ते मुळीच लावू नका, आणि बाटलीही दिव्यांपासून दूर ठेवा.

प्रश्न : आमचे कार्यालय अंधेरीत आहे. वीस-बावीस जण, दोन स्प्लिट एसी, काचेच्या न उघडणाऱ्या खिडक्या. दारात तापमान मोजतात, सॅनिटायझर देतात, टेबलांमध्ये सहा फूट अंतर आहे. हे पुरेसे आहे का? (एक वाचक, मुंबई)

पुरेसे नाही. तुमच्या कार्यालयाने जे सोपे आणि दिसणारे आहे ते केले आहे. हवेचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे.

देवघरात उदबत्ती लावली की थोड्या वेळाने तिचा वास सहा फुटांवर न थांबता घरभर पसरतो, आणि खिडकी उघडी असेल तर लवकर विरतो. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही तोंडावाटे जे अतिसूक्ष्म तुषार बाहेर पडतात, त्यांचे वागणे असेच असते. मोठे थेंब दोन हातांवर खाली पडतात, त्यांच्यासाठी अंतर उपयोगी आहे. सूक्ष्म तुषार हवेत तरंगत राहतात, त्यांच्यासाठी ताजी हवाच हवी. स्प्लिट एसी खोलीतली तीच हवा आत घेतो, थंड करतो आणि पुन्हा खोलीत सोडतो; बाहेरची हवा तो आणत नाही. चीनमधील ग्वांगझू शहरात २४ जानेवारी रोजी खिडक्या नसलेल्या एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबे जेवली. त्यांपैकी एका महिलेला लागण झालेली होती. पुढील काही दिवसांत तिच्यासह तिन्ही कुटुंबांतील मिळून दहा जण बाधित आढळले, आणि त्यांची टेबले एसीच्या झोतात एका ओळीत होती.

तापमान मोजणाऱ्या बंदुकीचा उपयोग मर्यादित आहे. ज्याला उद्या ताप येणार आहे, किंवा लागण होऊनही कधीच येणार नाही, अशा माणसाला ती आत सोडते.

व्यवस्थापनाला तीन-चार गोष्टी लेखी कळवा. काचेचा एखादा भाग काढून तेथे बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवता येतो आणि दार उघडे ठेवले की दुसरीकडून हवा आत येते. खर्च फारसा नाही. निम्म्या लोकांनी एक दिवसाआड यावे. बैठक फोनवर घ्यावी, मग ती दोन टेबलांपलीकडच्या सहकाऱ्याशी असली तरी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुपारचा डबा. दिवसभर मास्क लावून बसलेली माणसे दीड वाजता एका टेबलाभोवती मास्क काढून अर्धा तास समोरासमोर गप्पा मारतात, तेव्हा सकाळपासूनची सगळी काळजी वाया जाते. आपल्याकडे डबा वाटून खाण्यात जो आपलेपणा आहे तो मला ठाऊक आहे, तरीही काही महिने गच्चीवर किंवा आपापल्या जागी, पाळीपाळीने जेवा.

प्रश्न : टाळेबंदीनंतर २१ ऑक्टोबर २०२०पासून महिलांना लोकलने जाता येऊ लागले. मी डोंबिवलीहून दादरला जाते. रोजचा प्रवास किती धोक्याचा आहे? (एक भगिनी, डोंबिवली)

एका फेरीचा धोका लहान असतो, पण तो साठत जातो. समजा, एका फेरीत लागण होण्याची शक्यता हजारात एक आहे. महिन्याला पन्नास फेऱ्या झाल्या, तर ती शंभरात जवळपास पाच होते. म्हणून आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळत असेल, तर ते अवश्य मागून घ्या. डब्यात खिडक्या आणि दारे उघडी असतात ही जमेची बाजू आहे. खिडकीजवळ जागा मिळवा, नाका-हनुवटीला चिकटून बसणारा मास्क लावा, प्रवासात फोनवर बोलू नका आणि काही खाऊ नका. झडप असलेला एन-९५ मास्क घेऊ नका. त्यातून तुमचा श्वास न गाळता बाहेर पडतो, आणि जुलैमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही राज्यांना त्याविरुद्ध कळवले आहे.

प्रश्न : मला ऑगस्टमध्ये करोना होऊन गेला. आता मास्कची गरज आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

आहे. काही महिने संरक्षण मिळण्याची शक्यता चांगली आहे, मात्र हाँगकाँगमध्ये एका तरुणाला साडेचार महिन्यांनी पुन्हा लागण झाल्याचे ऑगस्टमध्येच सिद्ध झाले आहे. त्याला दुसऱ्या वेळी लक्षणे नव्हती, म्हणजे दुसऱ्याला देण्याची भीती अधिक. शिवाय बाजारात कोणाला होऊन गेला आहे हे चेहऱ्यावर लिहिलेले नसते.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर एकादशीला सभागृहात भजन होते. वीस-बावीस जण असतो, बहुतेक साठीच्या पुढचे. कार्तिकी एकादशीला अंतर ठेवून बसलो, तर भजन करता येईल का? (भजनी मंडळाचे एक सदस्य, ठाणे)

सभागृहात नको, असे मी स्पष्टपणे सांगते, आणि सांगताना वाईट वाटते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट परगण्यात १० मार्च रोजी एका गायकवृंदाचे ६१ जण अडीच तास सरावाला जमले होते. खुर्च्या जवळजवळ होत्या, मध्यंतरात खाणेही झाले. त्यांपैकी एकाला लक्षणे होती. पुढे आणखी ५२ जण आजारी पडले, ३२ चाचणीने सिद्ध आणि २० लक्षणांवरून संभाव्य, आणि दोघे दगावले. गाताना आपण छातीभर श्वास घेतो आणि जोराने सोडतो, त्यामुळे साध्या बोलण्याच्या कित्येक पट तुषार बाहेर पडतात. टाळ-मृदंगाच्या गजरात आवाज चढवावा लागतो, म्हणजे हे प्रमाण वाढतच जाते.

जमावाचा हिशेबही पाहा. समजा, शहरात या घडीला दर शंभर माणसांत एक जण, स्वतःच्या नकळत, विषाणू पसरवत आहे. वीस जण जमले, तर त्यांत असा एक तरी असण्याची शक्यता शंभरात अठरा आहे. पन्नास जमले तर चाळीस. दोनशे जमले तर सत्त्याऐंशी. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होणाऱ्या लग्नसराईत यंदा (२०२०) घातलेली पन्नास माणसांची मर्यादा का पाळावी, आणि त्याहूनही कमी माणसे का बोलवावीत, याचे उत्तर या आकड्यांत आहे. ओळखीची, चांगली माणसे आहेत म्हणून हा हिशेब बदलत नाही.

भजन सोडून देण्याची आवश्यकता मात्र नाही. पाच-सहा जणांनी सोसायटीच्या मोकळ्या पटांगणात, लांब लांब बसून, मास्क लावून अर्धा तास हळू आवाजात अभंग म्हणावेत आणि बाकीच्यांनी गॅलरीतून साथ द्यावी. मोकळ्या हवेत धोका किती घटतो, हे चीनमधील सात हजारांहून अधिक रुग्णांच्या तपासणीत दिसले आहे. त्यांत उघड्यावर लागण झाल्याचे एकच प्रकरण सापडले.

प्रश्न : आमच्याकडे बारा वर्षे काम करणाऱ्या मावशींना पुन्हा बोलवायचे आहे. सोसायटीने त्यांच्यासाठी वेगळी लिफ्ट, रोज तापमान आणि दर पंधरा दिवसांनी स्वखर्चाने चाचणी असा नियम केला आहे. हे योग्य आहे का? (एक भगिनी, मुंबई)

मला हा नियम अन्यायाचा वाटतो, आणि शास्त्राच्या कसोटीवरही तो टिकत नाही. मुंबईत जुलैमध्ये तीन विभागांत झालेल्या रक्ततपासणीत झोपडवस्त्यांमधील ५७ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे, म्हणजे लागण होऊन गेल्याची रक्तातील खूण, आढळली, इमारतींमध्ये १६ टक्के. या आकड्यांवरून वस्तीतील माणसाकडेच संशयाने पाहणे चुकीचे आहे. ज्या वस्तीत निम्म्याहून अधिक लोकांना आधीच लागण होऊन गेली आहे, तेथे नव्याने लागण होऊ शकणारी माणसे आता तुलनेने कमी उरली आहेत, तर इमारतीतील बहुतेक जण अजून असुरक्षित आहेत. शिवाय मावशी चार घरांत जातात, म्हणजे त्या चार घरांकडून धोका पत्करतात. आठ-दहा जणांच्या खोलीत, सार्वजनिक शौचालय वापरत राहणाऱ्या कुटुंबात तो परत नेला, तर घरच्या घरी अलग राहण्याची सोय त्यांच्याकडे नसते.

वेगळ्या लिफ्टने काही साधत नाही; लिफ्टमध्ये एका वेळी दोघांनी, मास्क लावून, न बोलता जावे, आणि हा नियम सभासदांनाही लागू असावा. मावशी घरात असतील तेवढा वेळ खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा आणि तुम्ही स्वतःही मास्क लावा; बहुतेक घरांत मास्क फक्त मावशींच्या तोंडावर असतो. ज्या खोलीत केर-फरशी चालू आहे, तेथून घरातल्यांनी बाहेर जावे. त्यांना चांगले मास्क तुम्ही द्या. चाचणी हवीच असेल, तर तिचा खर्च घरमालकांनी करावा. घरात कोणाला ताप आला, तर त्याच दिवशी मावशींना फोन करून कळवा, त्यांच्या इतर घरांनाही कळेल असे करा. आणि त्यांना किंवा त्यांच्या घरात कोणाला लक्षणे दिसली, तर चौदा दिवसांची भरपगारी रजा मिळेल, हे कामावर परतण्यापूर्वीच त्यांना सांगा. पगार कापला जाण्याची धास्ती असली, की माणूस ताप लपवून कामावर येतो.