रात्रभराच्या सायकल ग्रुप राइडला पहिल्यांदाच येताय?

नाव नोंदवलंत, छान केलंत! पायांची चिंता सोडा. पहिल्या रात्री माणसं गळतात ती बहुतेक झोप, थंडी आणि रिकाम्या पोटामुळे.

सगळ्यात आधी दिवे बघा. पुढे दोन, मागे दोन. खोक्यावर छापलेले तास बहुधा सगळ्यात मंद मोडचे असतात, म्हणून दिवा फुल चार्ज करा आणि तुमच्या नेहमीच्या मोडवर खरंच किती टिकतो ते घरीच घड्याळ लावून तपासा. ग्रुपमध्ये मागचा दिवा लुकलुकता नको, स्थिर ठेवा. मागून येणाऱ्याचं डोकं उठतं त्याने. पुढचा रस्त्याकडे झुकवा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पहिल्याच तासात जोशात पुढच्यांच्या मागे सुटतात. गप्पा मारता येतील इतकाच वेग ठेवा.
- भुकेची वाट बघतात. दर पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाका. गार हवेत तहान कळत नाही, तरी पाणी प्या.
- नवी सीट, नवे बूट त्याच रात्री वापरायला काढतात.
- थांब्यावर पसरतात. घामाचा टीशर्ट दहा मिनिटांत गार पडतो, त्यामुळे थांबल्याथांबल्या विंडचीटर चढवा.

पहाटे तीन ते पाच खरी कसोटी. डोळे मिटायला लागले तर सरळ सांगा, बाजूला थांबा, पंधरा-वीस मिनिटं डुलकी काढा. यात कसली आलीय लाज?

गिअर रेशो, डायनामो वगैरे नंतर बोलू. आणि हो, राइड संपल्यावर झोप न काढता स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका.