मुठीच्या खिळ्यांसाठी सळई कोठे मिळेल?

प्रश्न : गाडीच्या जुन्या पाट्यापासून लोहाराकडून स्वयंपाकघरातील दोन सुऱ्या घडवून घेतल्या आहेत. पात्याला पाणी देण्यापूर्वीच चार मिलिमीटरची तीन-तीन भोके पाडून घेतली आणि मुठीसाठी शिसवीच्या फळ्याही तयार आहेत. अडले आहे ते खिळ्यांपाशी. हार्डवेअरच्या दुकानात लोखंडी खिळे पुढे करतात, पितळेचा व्यापारी बारा फुटांची अख्खी सळई घ्या म्हणतो, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या तयार पिना उरलेल्या सगळ्या सामानापेक्षा महाग पडतात. काय करावे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ‘सुरीच्या मुठीची पिन’ या नावाने वस्तू शोधणे आपण आधी सोडून द्यावे, कारण त्या नावाखाली मिळते ती साधी गोल सळईच असते, फक्त तुकडे करून पाकिटात भरलेली. पितळ वजनावर विकले जाते. चार मिलिमीटर जाडीच्या एक मीटर सळईचे वजन सुमारे १०७ ग्रॅम भरते, आणि अडीच सेंटिमीटरचा एक खिळा धरला तर तेवढ्यात बारा सुऱ्यांचे काम होते. त्यामुळे ‘बारा फूट नको, शंभर-सव्वाशे ग्रॅमचा तुकडा द्या’ असे वजनाच्या भाषेत मागून पाहावे. मुंबईत गुलालवाडी-किका स्ट्रीटचा धातुबाजार आणि पुण्यात बोहरी आळी ही त्यासाठी फिरण्याजोगी ठिकाणे आहेत. आपण तर मिरजेचे. सतारीचे पडदे धातूच्या सळईचेच असतात, तेव्हा तेथील तंतुवाद्य कारागिरांना त्यांची सळई कोठून येते हे विचारायला काहीच हरकत नाही.

लेथच्या कारखान्यातील उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात, पण तेथे जपावे लागते. लेथवर चालणारे पितळ बहुधा ‘फ्री कटिंग’ जातीचे असते. तासताना कीस सुटा पडावा म्हणून त्यात तीन टक्क्यांच्या आसपास शिसे घातलेले असते, आणि म्हणूनच ते हातोडीखाली पसरण्याऐवजी कडेला तडकते. माझ्या पहिल्या सुरीचे तिन्ही खिळे असेच फुटले आणि मी उगीच हातोडीला दोष देत बसलो. स्वयंपाकघरातील वस्तूत शिसे नसलेले बरे, हे वेगळे सांगायला नको.

पितळ मिळालेच नाही तर विजेच्या सामानाच्या दुकानात अर्थिंगची आठ नंबरची नंगी तांब्याची तार मागावी. ती मऊ असल्याने सुरेख ठोकली जाते, मात्र तिची जाडी ४.०६ मिलिमीटर असते आणि आपल्या भोकात ती अडेल. पाणी दिलेले पाते पुन्हा गिरमिटाला दाद देत नाही. तेव्हा भोक न वाढवता तारच बारीक करावी. वेटोळ्यातील हातभर तारेचे एक टोक व्हाइसमध्ये आणि दुसरे ड्रिलच्या चकमध्ये धरून, ताण देत हळूहळू फिरवले की ती सरळही होते आणि थोडी कडकही होते. मग वीतभर तुकडा चकमध्ये धरून फिरवत ठेवावा आणि त्याभोवती बारीक पॉलिश पेपर चिमटीत धरावा. दर काही क्षणांनी थांबून तो भोकात घालून पाहावा. शेवटी तो अंगठ्याच्या दाबाने, किंचित कुरकुरत आत गेला पाहिजे. तांबे लवकर काळवंडते, एवढी तक्रार मात्र राहील.

आर्गॉन वेल्डिंगची स्टेनलेसची फिलर सळई मीटरभर लांब, सरळ आणि न गंजणारी असते, पण ती सहसा १.६, २.४ आणि ३.२ मिलिमीटरची मिळते. आपल्या भोकात ती खुळखुळेल. पुढच्या सुरीच्या वेळी मात्र आधी सळई घ्यावी, व्हर्नियरने मोजावी आणि मगच ड्रिलचा बिट निवडावा.

बसवताना खिळे पॉलिश पेपरने खरवडून, ॲसिटोनने पुसून अराल्डाइट लावावे आणि दोन्ही बाजूंना जेमतेम एक मिलिमीटर बाहेर ठेवून, गोल तोंडाच्या लहान हातोडीने कडेकडेने हलके टिचकारावे. जोर लावला तर खिळा आत फुगतो आणि शिसवी उभी चिरते. घासताना खिळा तापू देऊ नये. अराल्डाइटची पकड सैल होते.

प्रश्न : कोयत्याच्या बाभळीच्या मुठीत लोखंडी खिळ्यांभोवती निळसर काळे डाग पडले आहेत. लाकूड कुजले का?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : नाही. ज्या टॅनिनसाठी बाभळीची साल कातडी कमावायला वापरतात, ते लाकडातही थोडेफार असतेच. ओलाव्यात त्याचा लोखंडाशी संयोग होऊन शाईसारखा काळा रंग तयार होतो. डाग घासून फिका होईल, पण खिळा तोच राहिला तर पुढच्या पावसाळ्यात परत उमटेल. पितळेचा खिळा बसवावा. सळई कोठून आणायची ते वर आलेच आहे.