इंटरव्ह्यू अर्धवट सोडून आले, चुकलं का?

प्रश्न : ताई, हिंजवडीत एका छोट्या कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी गेले होते. वेळ अकराची, दीडपर्यंत रिसेप्शनला बसवून ठेवलं आणि मग साहेबांनी मोबाइलमधून मान वर न काढता पहिलंच विचारलं, लग्न कधी करणार, मग सुट्ट्या सुरू होतील ना. मी थँक्यू म्हणून उठून आले. घरचे म्हणतायत हातची नोकरी घालवलीस.
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : अगं, नुसता उशीर झाला असता तर मी म्हटलं असतं थांब, माणसं कामात अडकतात. पण हा प्रश्न वेगळाच आहे. नोकरभरतीत बाई म्हणून डावलायला १९७६ पासून कायद्यानेच मनाई आहे, आणि २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात. तो हक्क आहे, साहेबांचे उपकार नाहीत! पहिल्याच भेटीत जो मान वर करून बघत नाही तो पुढे रजेच्या अर्जावर सही कशी करेल ते तूच बघ.

आता एक कर, कन्सल्टन्सीकडून गेली असशील तर त्यांना आजच दोन ओळींचा मेल टाक, का उठलीस ते स्पष्ट लिही, नाहीतर तिकडून 'कॅंडिडेट आलीच नाही' असंही सांगतील. घरच्यांनाही तो प्रश्न जसाच्या तसा ऐकव, बहुतेक त्यांना नुसतं 'उठून आले' एवढंच कळलंय.