कोकणात घरी केलेला चिनी हिरवा चहा इतका कडू का लागतो?
उकळत्या पाण्यात पाने बराच वेळ झाकून ठेवल्यामुळे तो कडू लागतो. लोंगजिंगसारख्या हिरव्या चहासाठी पाणी सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत निवू द्यावे आणि 2 मिनिटांत गाळून घ्यावे. पाणी जितके गरम आणि वेळ जितका अधिक, तितकी पानांतील कॅटेचिने (चहातली तुरट द्रव्ये) व कॅफीन जास्त उतरतात, आणि कडवट तुरटपणा मुख्यतः त्यांचाच असतो. चीनच्या फुजियान प्रांतातला तिएग्वानयिन ऊलोंग (हिरवा आणि काळा यांच्या मधला चहा) आणि युन्नान प्रांतातला पुअर (मुरवलेला चहा) यांना मात्र जवळजवळ उकळते पाणीच लागते: १०० मिलिलिटरच्या भांड्यात ५ ग्रॅम पाने घेऊन पहिले पाणी २० सेकंदांत ओतून घ्यावे, मग तीच पाने पुन्हा पुन्हा भिजवून बदलत जाणारी चव घ्यावी, माझ्या मते या चहांचे खरे सौंदर्य तिसऱ्या-चौथ्या पाण्यात उमगते. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी वापरू नये, त्यात कोणताच चहा खुलत नाही. पाने हवाबंद डब्यात, मसाल्यांपासून आणि सुक्या मासळीपासून दूर ठेवावीत. पुअरला एरवी थोडी हवा लागते, परंतु कोकणातल्या पावसाळी दमटपणात त्याला बुरशी येऊ शकते, म्हणून ते चार महिने तोही बंदच ठेवावा.