अमेरिकेत येऊन काडतुसं घरी भरायचा विचार असेल तर

तू विचारलंयस की एच-वन-बी व्हिसावर टेक्सासला येतोयस, पुण्यात पॉइंट टू-टू रायफल मारायचास, तर इकडे काडतुसं घरीच रीलोड केली, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरल्या, तर प्रॅक्टिस किती स्वस्त पडेल. पैशाचं सांगतो, पण आधी व्हिसाचं नीट वाच. एच-वन-बी म्हणजे नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या मुक्कामाचा) व्हिसा, आणि फेडरल कायद्याने अशा माणसाला बंदूक किंवा ॲम्युनिशन जवळ ठेवता येत नाही, आणि ॲम्युनिशनमध्ये नुसतं तयार काडतूस नाही तर रिकामी पुंगळी, प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी), पावडर (दारू), बुलेट (पुढची गोळी) सगळं धरतात, म्हणजे गॅरेजमध्ये प्रायमरची डबी सापडली तरी गुन्हा. रेंजवर (नेमबाजीच्या जागी) भाड्याने बंदूक घेणं पण त्यातच आलं. तुझ्या उपयोगाची सूट म्हणजे इथल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हातात असेल तर चालतं, बरेच जण हंटर एज्युकेशनचा कोर्स करून तेच काढतात, पण इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय काहीही विकत घेऊ नकोस, हे अगदी कळकळीने सांगतोय.

आता खर्च. पॉइंट टू-टू रिमफायर असते, म्हणजे ठिणगीचा मसाला वेगळ्या प्रायमरमध्ये नसून पुंगळीच्या कडेतच असतो, ती रीलोड होतच नाही असं धरून चाल. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं तो ५० मीटरचा इव्हेंट याच काडतुसाचा, त्यामुळे तेच चालू ठेवणार असशील तर प्रेसबिस (काडतूस भरायचं यंत्र) विसर, चांगलं मॅच ॲमो (स्पर्धेच्या दर्जाची काडतुसं) घे आणि सराव कर.

नाइन एमएम पिस्तूल घेतलंस तर अंदाजे हिशोब असा, बुलेट ९-१० सेंट, प्रायमर ७, पावडर ३, पुंगळी रेंजवरून उचललेली म्हणून फुकट, झाले २० सेंट, आणि दुकानात तयार राउंड (काडतूस) २३-२५ ला मिळतो. प्रेस, डाय (पुंगळीला आकार देणारे साचे), वजनकाटा, कॅलिपर (लांबी-जाडी मोजायचं साधन) मिळून ५००-६०० डॉलर जातात, ते वसूल व्हायला पंधरा हजार राउंड मारावे लागतील, मला तरी यात अर्थ दिसत नाही.

खरा फायदा लांब पल्ल्याच्या रायफलला. सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमोर या रायफल कॅलिबरचं मॅच काडतूस दीड ते दोन डॉलर, घरी भरलं तर मॅच बुलेट ४५ सेंट, पावडर २५-३०, प्रायमर १०, आणि पुंगळी आठ-दहा वेळा वापरली तर तिचे १२-१५, म्हणजे डॉलरच्या आतबाहेर. आठ-नऊशे राउंडमध्ये सामानाचे पैसे सुटतात आणि ग्रुप पण घट्ट येतो, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागतात, कारण राउंड तुझ्याच रायफलला जुळवलेला असतो. फक्त दर वेळी पुंगळी उजेडात फिरवून बघायची, बुडाच्या जरा वर चकचकीत रेघ दिसली की ती तिथून तुटायला आलीय, सरळ फेकून द्यायची, पाच पैशासाठी डोळा घालवू नकोस. भरायचं प्रमाण छापील मॅन्युअलमधूनच घे, कुणाचं ऐकीव नको.

प्रायमर आणि पावडर ऑनलाइन मागवलीस तर वेगळी हॅझमॅट (धोकादायक मालाची) फी लागते, ती एका ऑर्डरमागे असते म्हणून दोन-तीन मित्रांनी मिळून मागवा. काही इनडोअर रेंज घरी भरलेली काडतुसं चालवूनच घेत नाहीत, मेंबरशिपचे पैसे भरायच्या आधी विचार. आणि भारतात सुट्टीला जाताना रेंजची बॅग प्रवासाला वापरू नकोस, अस्तरात एक राउंड राहिला तरी विमानतळावर आर्म्स ॲक्टखाली केस होते.