बाबांच्या २०००-०१ च्या कात्रणवहीबद्दल: आधी कात्रणांची पाठ बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. बाबांची २०००-०१ च्या क्रिकेट हंगामाची वही सापडली, तारखा कुठेच नाहीत, पानांना कसर लागलीय, म्हणून कात्रणं सोडवून नव्या अल्बममध्ये क्रमाने लावायची आहेत, असं तुम्ही म्हणताय. कृपा करून अजून एकही कात्रण सोडवू नका. मी हेच केलं होतं, आणि त्याची हळहळ अजून गेलेली नाही.

आमच्या घरीही त्याच हंगामाची वही होती. शाळेच्या जुन्या भूगोलाच्या वहीवर मी चिकटवलेली. शारजात भारत ५४ वर आटोपला ते पान, राजकोटला आगरकरने २१ चेंडूंत अर्धशतक ठोकलं ते, अझरुद्दीनवरच्या आजीवन बंदीची बातमी, ब्रॅडमन गेले त्या दिवसाचा फोटो. आणि मग मार्च, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोट्या. हरभजनची हॅट‌्ट्रिक, कोलकाता, चेन्नई. सोलापुरात मार्चचं ऊन तुम्हाला सांगायला नको. आम्ही पंख्याखाली फरशीवर पालथं पडून कात्रणं कापायचो.

काही वर्षांपूर्वी ती वही नीट करायला घेतली. लक्ष्मण आणि द्रविड अख्खा दिवस खेळून परत येतात तो फोटो मी गम लावून पूर्ण चिकटवला होता. परातीत कोमट पाणी घेतलं, पान त्यात सोडलं. कागद सुटायला लागला तेव्हा पाठीमागची अक्षरं दिसली. तिथे सोलापूरच्या स्थानिक क्रिकेटची बातमी होती. पार्क मैदानावरच्या क्लबच्या सामन्याची चार ओळींची बातमी, आणि त्यात माझ्या दादाचं नाव. मी घाईने पान उचललं आणि ते मधोमध फाटलं, पाठीचा थर वहीच्या कागदाला चिकटून राहिला. टॉवेलवर वाळवल्यावर ‘६ बळी’ एवढंच वाचता आलं. दादाचं नाव लगदा होऊन गेलं.

लक्ष्मणच्या २८१ धावा कुठेही मिळतात. दादाच्या सहा विकेट कुठेच मिळत नाहीत.

मग ती बातमी शोधायला एका कचेरीत गेलो, जिथे जुन्या अंकांच्या फायली असतात. नाव घेत नाही. खिडकीवरच्या माणसाने एकच धरलं, ‘तारीख सांगा, मग फाईल काढतो.’ मी म्हटलं, मार्च २००१, महिनाभराची द्या, मीच चाळतो. नाही म्हणाला. अर्ज द्या, साहेब सोमवारी येतील. सोमवारी साहेब मीटिंगला. असे सहा हेलपाटे झाले. एव्हाना मी डोकं लावून तारीख काढली होती. कोलकात्याच्या चौथ्या दिवशी, १४ मार्चला, एकही विकेट पडली नाही. खेळ थांबला तेव्हा ५८९ ला ४, लक्ष्मण नाबाद २७५, द्रविड नाबाद १५५. म्हणजे तो फोटो १५ मार्चच्या अंकातला. चिठ्ठीवर लिहून नेलं, तर उत्तर मिळालं की खोलीला रंग दिला तेव्हा त्या वर्षाचे गठ्ठे रद्दीत गेले. कधी? म्हणे, मागच्याच महिन्यात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते गठ्ठे तिथेच होते. पाठ शाबूत असती तर या खिडकीवर उभं राहायची वेळच आली नसती.

तर तुमच्या वहीचं. मी काही जाणकार संग्राहक नाही, कागद टिकवणारे लोक वेगळं सांगतील, त्यांचं ऐका. पण आधी प्रत्येक पान उजेडासमोर धरा किंवा मागून मोबाईलचा टॉर्च लावा. उलटी अक्षरं दिसतील, फोटो काढून तो फोनवर आडवा उलटवला की वाचता येतात. सिनेमाच्या जाहिराती, बाजारभाव, निधनवार्ता, काहीही असो, तारखेचा पुरावा तिथेच असतो. बाबांनी खळ लावली असेल तर कडा आपोआप सुटलेल्या असतील, तेवढ्याच हलक्या हाताने उचलून बघा. गम असेल तर हातही लावू नका. लॅमिनेशन करून देतो म्हणणाऱ्या दुकानात तर मुळीच जाऊ नका, हे माझं ठाम मत आहे.

तारीख लावताना सामना आणि अंक यांत एका दिवसाचा फरक धरा. आणि आपल्याकडे तेव्हा बाहेरगावी पाठवायची डाक आवृत्ती लवकर छापून निघायची, त्यामुळे दिवस-रात्र सामन्याचा अर्धाच धावफलक असलेलं कात्रण दिसलं तर ते चुकीचं समजून काढून टाकू नका. रणजीचे बारीक टाइपातले धावफलक जास्त त्रास देतात. तेव्हा साखळी विभागवार होती. पश्चिम विभागात महाराष्ट्र, मुंबई, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र एवढेच संघ, तेव्हा त्यांच्यातली जोडी दिसली की बहुतेक साखळीतलाच सामना. बडोदा आणि रेल्वे दिसले तर ती अंतिम लढत असू शकते, बडोद्याने ती २१ धावांनी जिंकली.

कसरीसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात, आमची आई घालायची. ओला नको, डाग पडतात.

दादा आता अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहे. परवा त्याला पुन्हा विचारलं. सहापैकी चार जण त्रिफळाचीत होते एवढं त्याला पक्कं आठवतं, समोरचा क्लब कुठला ते आठवत नाही. तुमचे बाबाही सोलापूरचेच वर्तमानपत्र घेत असतील तर त्यांच्या वहीत १५ मार्चचं ते पान असेल. त्याची पाठ दिसली तर फोटो टाका. बाकीच्या पानांच्या तारखा लावायला मी बसतो तुमच्याबरोबर, रविवारी मोकळा असतो.